साइट कुणाला उघडते, कुणाला नाही: चुकीचं उत्तर देणारा नेमसर्व्हर कसा पकडायचा

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. काही बागायतदारांनी मिळून हापूसच्या पेट्या थेट विकायला वेबसाइट काढली आहे. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी होस्टिंग बदललं. तेव्हापासून देवगडात ऑफिसच्या वायफायवर साइट नीट उघडते. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर 'साइट सापडत नाही' येतं, दोन-तीन तासांनी आपोआप उघडते, मग पुन्हा जाते. काहींना जुनीच साइट दिसते, गेल्या वर्षीच्या दरांसकट. काहींच्या ऑर्डरच्या मेल परत जातात. एका बागायतदारांचं निदान : 'हयसर उघडता, मुंबैक उघडणा नाय, म्हणजे टॉवराचो घोळ.' होस्टिंगवाले म्हणतात, प्रोपगेशन (बदल जगभर पसरणं) चालू आहे, ४८ तास थांबा. हे ऐकूनही आता तीन आठवडे झाले. प्रश्न विचारणाऱ्यांनी तिन्ही नेमसर्व्हरांचं, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता जगाला सांगणाऱ्या सर्व्हरांचं, डिगचं (त्यांना थेट प्रश्न विचारणाऱ्या साधनाचं) आउटपुट जोडलंय, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागत नाही. डोमेनचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, 'अबक डॉट इन' म्हणू.

टॉवर निर्दोष आहे, आणि हे प्रोपगेशनही नाही. तुमच्या तीन नेमसर्व्हरांपैकी एकही धड नाही. तिघेही चुकतायत, पण तिघांच्या चुका वेगवेगळ्या, म्हणून लक्षणंही वेगवेगळी. पहिल्याला 'एक' म्हणू (नव्या होस्टिंगचा मुख्य), दुसऱ्याला 'दोन' (नव्याचाच दुय्यम) आणि तिसऱ्याला 'जुना'.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या व्यवस्थेत, सर्व्हर गप्प बसला, तर फारसं बिघडत नाही. रिझॉल्व्हर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने नाव शोधणारा इंटरनेट कंपनीचा किंवा ८.८.८.८सारखा सर्व्हर, थोडा वेळ थांबतो आणि यादीतल्या पुढच्याकडे जातो. बिघडतं ते सर्व्हर ठामपणे चुकीचं बोलला की. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी बंद असेल, तर माणूस शेजारच्या खिडकीवर विचारतो. पण खिडकीतून 'ही गाडीच बंद झालीय' असं सांगितलं, तर तो घरी जातो आणि शेजाऱ्यालाही तेच सांगतो. रिझॉल्व्हर अगदी असंच करतो. मिळालेलं उत्तर तो पुन्हा पडताळत नाही, उलट कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवून पुढच्या हजारो लोकांना तेच देतो. म्हणून 'साइट चालू की बंद' हा प्रश्न इथे कुचकामी आहे. प्रत्येक नेमसर्व्हरला एकेकटा गाठून एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची.

विचारायचं कसं? सुरुवात तुमच्या नेमसर्व्हरांपासून करू नका, वरच्यापासून करा. डॉट इनची रजिस्ट्री, म्हणजे त्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही, निक्सी या संस्थेकडे आहे. डिगने आधी 'इन.'चे एनएस रेकॉर्ड (कोणत्या नेमसर्व्हरांना विचारायचं ती नोंद) काढा, आणि त्यातल्या कोणत्याही एका सर्व्हरला, 'नोरिकर्स' पर्याय (इतरांना न विचारता स्वतःचंच उत्तर दे) लावून, अबक डॉट इनचे एनएस विचारा. उत्तर आन्सर विभागात न येता अथॉरिटी विभागात येईल आणि 'एए' फ्लॅग (उत्तर माझ्याच अधिकारातलं, असं सांगणारी खूण) नसेल. घाबरू नका, तसंच असायला हवं. रजिस्ट्री फक्त 'यांना विचारा' एवढंच सांगते. ही यादी म्हणजे जगाला दिसणारी खरी यादी. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलवर काय दिसतं त्यावर विसंबू नका. तुमच्या बाबतीत पॅनेलवर दोन नावं दिसतायत आणि रजिस्ट्रीत तीन आहेत. तिसरं, 'जुना', बहुधा बदल अर्धवट सेव्ह झाल्यामुळे राहून गेलंय.

मग त्या यादीतल्या प्रत्येकाला, पुन्हा नोरिकर्स लावूनच, पाच-सहा प्रश्न : मूळ नावाचा एसओए (झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचाची, मूळ माहिती), एनएस आणि एमएक्स (मेल कुठे द्यायची ते), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा ए (साइटचा आयपीव्ही४ पत्ता) आणि क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता), आणि अस्तित्वातच नसलेलं एखादं वाटेल ते नाव. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. 'नाही' म्हणायची सर्व्हरची पद्धत बरोबर आहे की नाही, ते त्यावरूनच कळतं. प्रत्येक उत्तरात तीन गोष्टी बघायच्या : स्टेटस काय, एए फ्लॅग आहे का, आणि एसओएमधला सीरियल नंबर (झोन बदलला की वाढणारा) काय. विंडोजवरचं एनएसलुकअप या कामाला अपुरं आहे, फ्लॅग धड दाखवत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधल्या लिनक्समध्ये) किंवा फोनवर टर्मक्स या अ‍ॅपमध्ये डिग टाकून घ्या.

इथे एक खड्डा आहे. काही इंटरनेट कंपन्यांची, हॉटेलांची आणि होमस्टेची राउटरं पोर्ट ५३ वरचा (डीएनएसच्या प्रश्नांचा) सगळा ट्रॅफिक मधेच पकडून स्वतःच उत्तर देतात. तुम्हाला वाटतं नेमसर्व्हरशी बोलतोय, प्रत्यक्षात बोलत असता कोपऱ्यातल्या डब्याशी. ओळखायचं असं : नेमसर्व्हरला तोच प्रश्न दहा सेकंदांनी पुन्हा विचारा. टीटीएल (उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा) घसरत असेल, एए गायब असेल आणि 'आरए' ('इतरांना विचारून देतो' अशी खूण) लागला असेल, तर उत्तर कॅशमधलं आहे. खरा नेमसर्व्हर प्रत्येक वेळी पूर्ण टीटीएल देतो. शंका आली तर दुसऱ्या नेटवर्कवरून, शक्यतो एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवरून, पुन्हा विचारा. तुमच्या आउटपुटात टीटीएल स्थिर आहे, त्यामुळे ही शंका मी सोडून दिली.

आता तुमचे तिघे.

'दोन' सगळ्यालाच 'रिफ्यूज्ड' म्हणतोय. दिसायला हा सर्वांत भयंकर, आणि तुमच्या पत्रात अर्धा मजकूर यावरच आहे, पण तिघांत सगळ्यात कमी उपद्रव याचाच. रजिस्ट्रीने त्याच्याकडे बोट दाखवलंय, पण त्याच्यावर तुमचा झोन चढवलेलाच नाही. याला लेम डेलिगेशन म्हणतात. १९९६च्या आरएफसी १९१२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) नेहमीच्या चुकांत त्याचा उल्लेख आहे, इतका हा रोग जुना. रिझॉल्व्हर रिफ्यूज्ड ऐकून पुढच्याकडे जातो. नुकसान म्हणजे थोडा उशीर, आणि बाकीचे दोघे त्याच वेळी पडले तर आधार नाही. होस्टिंगवाल्यांना 'दुय्यम सर्व्हरवर झोन टाका' एवढं एक वाक्य पुरेल.

'जुना' जास्त त्रासदायक. जुन्या होस्टिंगचं खातं बंद केलं, तरी त्यांनी झोन काढलेला नाही. तो जुना आयपी देतो, आणि एए लावून देतो. रिझॉल्व्हरच्या नजरेत 'एक'चं उत्तर आणि 'जुना'चं उत्तर एकाच वजनाचं. कोणता रिझॉल्व्हर कोणाला विचारेल हे तुमच्या हातात नाही : बाइंड या रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरचा कल लवकर उत्तर देणाऱ्याकडे असतो, तर अनबाउंड हे दुसरं ठरावीक वेळेच्या आत उत्तर देणाऱ्यांतला कोणताही एक उचलतो. म्हणून एका गिऱ्हाइकाला नवे दर दिसतात आणि त्याच्याच इमारतीतल्या दुसऱ्याला गेल्या वर्षीचे.

यात आणखी एक गुंता आहे. 'जुना'च्या झोनमध्ये एनएस रेकॉर्डही जुनेच आहेत, दोन्ही जुन्या होस्टिंगचे, टीटीएल एक दिवस. १९९७च्या आरएफसी २१८१ नुसार, वरच्या रजिस्ट्रीने दिलेल्या एनएस यादीपेक्षा झोनच्या स्वतःच्या सर्व्हरने दिलेली यादी जास्त विश्वासाची मानली जाते. त्यामुळे एखादा रिझॉल्व्हर एकदा 'जुना'कडे गेला, की तो ती यादी उचलतो आणि दिवसभर जुन्या होस्टिंगलाच विचारत राहतो. यादीची मुदत संपायच्या आत पुन्हा त्यांनाच विचारून ती ताजी करून घेणारेही रिझॉल्व्हर आहेत. अशा ठिकाणचं गिऱ्हाईक तीन आठवडे काय, पूर्ण सीझनभर जुनी साइट पाहू शकतं. रजिस्ट्रीतून नाव काढणं आवश्यक आहे, पण एवढ्याने हे अडकलेले रिझॉल्व्हर सुटणार नाहीत. त्यावर खाली सांगतो.

आणि '४८ तास'बद्दल. हा आकडा हवेतून आलेला नाही. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत एनएस रेकॉर्डांचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असतो. तिथून तो सपोर्टच्या तोंडी बसला आणि मग कुठल्याही दुखण्यावर देता येईल असं औषध झाला. डीएनएसमध्ये काहीही पसरत वगैरे नाही. कॅशमधल्या जुन्या नोंदींची मुदत संपते, इतकंच. मुदत किती ते डिगमध्ये लिहिलेलं असतं. ती उलटून गेल्यावरही जुनं उत्तर येत असेल, तर ते कुणीतरी आजही देतंय. सपोर्टवाला ४८ तास म्हणाला, की कोणत्या रेकॉर्डचा टीटीएल एवढा आहे ते विचारा. बहुतेक वेळा पुढे शांतता असते.

आता खरा आरोपी, 'एक'. गंमत म्हणजे तुम्ही त्याला 'हा ठीक आहे' असा शेरा मारलाय, कारण ए रेकॉर्ड विचारला की नवा आयपी बरोबर येतो. पण तुम्हीच जोडलेलं क्वाड-एचं आउटपुट पाहा :

प्रश्न : डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, अबक डॉट इन, प्रकार क्वाड-ए
स्टेटस : एनएक्सडोमेन
फ्लॅग : क्यूआर, एए
आन्सर : ०, अथॉरिटी : १ (एसओए, शेवटचा आकडा ८६४००)

क्वाड-ए म्हणजे आयपीव्ही६चा, नव्या पद्धतीचा, पत्ता. तुमच्या साइटला तो नाही, हरकत नाही. अशा वेळी बरोबर उत्तर असतं स्टेटस 'नोएरर', आन्सर शून्य. म्हणजे 'हे नाव आहे, पण या प्रकारचा रेकॉर्ड नाही'. याला नोडेटा म्हणतात. एनएक्सडोमेनचा अर्थ वेगळाच : 'या नावाचं काहीच अस्तित्वात नाही'. आउटपुटात फरक एका शब्दाचा, बाकी सगळं तेच, म्हणून नजर त्यावरून घसरते. २००५च्या आरएफसी ४०७४ मध्ये आयपीव्ही६च्या प्रश्नांना नेमसर्व्हर कसकशी चुकीची उत्तरं देतात याची यादी आहे, त्यात हे आहेच. इतकी वर्षं होऊनही ते भेटतं. बहुतेकदा होस्टिंगवाल्यांनी लोड बॅलन्सरमध्येच (भार वाटून देणाऱ्या यंत्रात) बसवलेल्या किंवा घरी लिहिलेल्या नेमसर्व्हरमध्ये, ज्याला फक्त ए रेकॉर्ड समजतो आणि बाकी काही विचारलं की 'नाही' म्हणायचं एवढंच शिकवलेलं असतं. बाइंड, एनएसडी, पॉवरडीएनएस या नेहमीच्या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरांच्या साध्या झोन फाइलवर हा घोळ सहसा होत नाही.

आता तुमची लक्षणं जुळवून बघा. भारतातल्या मोबाइल नेटवर्कांवर आयपीव्ही६ भरपूर आहे. फोन साइट उघडताना ए आणि क्वाड-ए दोन्ही विचारतो. क्वाड-एला एनएक्सडोमेन आलं, की बरेच रिझॉल्व्हर ते त्या नावाला लावतात, प्रकाराला नाही. नावच नाही म्हटल्यावर ए तरी कुठून असणार? मग पुढचा माणूस नुसता ए विचारत असला, तरी त्याला कॅशमधलं 'नाही' मिळतं. देवगडच्या ऑफिसात बहुधा फक्त आयपीव्ही४ आहे, तिथली यंत्रं बऱ्याचदा क्वाड-ए विचारतच नाहीत, म्हणून तिथे सगळं आलबेल. वायफाय बंद करून फोनच्या डेटावर ऑफिसातच बसून साइट उघडून पाहा. माझा अंदाज बरोबर असेल तर मुंबईचं दुखणं देवगडातच दिसेल, आणि टॉवराची चर्चाही संपेल.

दोन-तीन तासांनी आपोआप बरं होण्याचं कारणही त्याच आउटपुटात आहे. 'नाही' हे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं, ते एसओएच्या शेवटच्या आकड्यावरून आणि एसओएच्या टीटीएलवरून ठरतं, दोन्हींत जो लहान तो. हा नियम १९९८च्या आरएफसी २३०८चा. तुमचा आकडा ८६,४००, म्हणजे पूर्ण दिवस. रिझॉल्व्हर यावर स्वतःची मर्यादा घालतात, बाइंडमध्ये मुळात तीन तास, अनबाउंडमध्ये एक तास. तेवढा वेळ गेला की नाव पुन्हा जिवंत, पुढच्या क्वाड-एच्या प्रश्नापर्यंत. हा आकडा आजच ३०० ते ९०० सेकंदांवर आणा. रोग जाणार नाही, पण ताप लवकर उतरेल. सगळं सुरळीत झाल्यावर एक तासावर ठेवा. त्याच आरएफसीत एक ते तीन तास चांगले चालतात असं म्हटलंय.

याच 'एक'ला तुमच्या दुसऱ्या तक्रारीसाठीही पकडता येईल. तुम्ही लिहिलंय की पेटीचा माग दाखवणारं पान, 'पेटी.ऑर्डर.अबक डॉट इन', काही ठिकाणी कधीच उघडत नाही. 'पेटी.ऑर्डर' आहे, पण नुसत्या 'ऑर्डर'ला स्वतःचा कुठलाच रेकॉर्ड नाही. नियमाने अशा मधल्या नावालाही नोडेटा यायला हवं, कारण त्याच्याखाली नाव आहे. 'एक' एनएक्सडोमेन म्हणतो. पूर्वी हे खपून जायचं, कारण रिझॉल्व्हर पूर्ण नावच विचारायचे. आता खाजगीपणासाठी बरेच जण पायरीपायरीने विचारतात, आधी 'ऑर्डर', मग 'पेटी.ऑर्डर' (आरएफसी ९१५६, २०२१). आणि २०१६च्या आरएफसी ८०२०ने स्पष्टच सांगितलंय की एनएक्सडोमेन आलं म्हणजे त्या नावाखाली काहीही नाही असं समजावं. तेव्हा रिझॉल्व्हर तिथेच थांबतो, आणि चूक त्याची नसते. तात्पुरता इलाज म्हणून 'ऑर्डर'ला एखादा साधा टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड देऊन पाहा. तरीही 'एक' विचारलेल्या प्रकाराप्रमाणे एनएक्सडोमेन देत असेल, तर ए रेकॉर्डच द्यावा लागेल.

मेल. सगळ्यात आधी, हे वाचून झाल्यावर लगेच, जुन्या होस्टिंगच्या मेलबॉक्समध्ये लॉगिन होतंय का बघा. 'जुना'चा एमएक्स अजून जुन्या मेल सर्व्हरकडे बोट दाखवतोय. म्हणजे मार्चपासूनच्या काही ऑर्डरी परत गेलेल्याच नाहीत, तिथे मुकाट पडलेल्या असतील, आणि गिऱ्हाईक समजत असेल की बागायतदार उत्तर देत नाही. परत गेलेल्या मेलपेक्षा या जास्त महाग पडतात.

परत जाणाऱ्या मेलचं कारण 'एक'च्या एमएक्समध्ये आहे. तिथे मेल सर्व्हरचं नाव 'मेल.अबक.इन.अबक.इन' असं येतंय. झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब दिलं नाही, की सर्व्हर ते अर्धवट नाव समजून मागे डोमेन चिकटवतो. एका टिंबाची चूक, आणि डीएनएसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ती कुणाची तरी निस्तरलेली असते. पॅनेलमध्ये भरत असाल तर सावध, काही पॅनेल टिंब स्वतः लावतात, काही लावत नाहीत. सेव्ह करून झाल्यावर पॅनेलवर विश्वास न ठेवता डिगने बघायचं. जाता जाता एमएक्स सीनेमवर (दुसऱ्या नावाच्या टोपणनावावर) ठेवू नका, एनएसही ठेवू नका; दोन्ही नियमबाह्य आहे, आणि काही मेल सर्व्हर त्यावरून नखरे करतात.

सर्व्हफेल ('उत्तर देता आलं नाही' हे स्टेटस) तुमच्या आउटपुटात कुठे नाही, म्हणून डीएनएससेकवर (उत्तरांवरच्या डिजिटल सहीवर) फार लिहीत नाही. पण होस्टिंग बदलताना जुना डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची नोंद) रजिस्ट्रीत राहून गेला, तर ८.८.८.८ आणि १.१.१.१ वापरणाऱ्यांना साइट बंद आणि पडताळणी न करणाऱ्या रिझॉल्व्हरवर चालू, असं चित्र दिसतं. डिगला 'सीडी' पर्याय (पडताळणी करू नको) लावल्यावर उत्तर आलं आणि न लावता सर्व्हफेल आलं, की तेच. रजिस्ट्रीत तुमचा डीएस नाही हे मी पाहिलं.

आता दुरुस्ती. इथे क्रम चुकवू नका.

'जुना' आज बंद करायला सांगू नका. सगळ्यांची पहिली ऊर्मी तीच असते. त्याच्या एनएस यादीत अडकलेल्या रिझॉल्व्हरांना मग कुणीच उत्तर देणार नाही, आणि जुनी साइट दिसणाऱ्यांना काहीच दिसेनासं होईल. जुन्या होस्टिंगवाल्यांशी गोडीने बोलून आधी तिथल्या झोनमध्ये ए आणि एमएक्स नवे टाकून घ्या, आणि मुख्य म्हणजे एनएस रेकॉर्ड नवे करून टीटीएल ३०० करा. मग अडकलेले रिझॉल्व्हर पुढच्या फेरीला स्वतःच नव्या यादीवर येतात. त्यानंतर रजिस्ट्रारमार्फत 'जुना'चं नाव रजिस्ट्रीतून काढा, वरच्या सर्व्हरला विचारून खात्री करा, आणि पूर्वीच्या एक दिवसाच्या टीटीएलपेक्षा सढळ, चार-पाच दिवस, तो सर्व्हर तसाच जिवंत ठेवा.

'एक'चा एनएक्सडोमेनचा दोष तुम्हाला स्वतःला दुरुस्त करता येणार नाही, तो त्यांच्या सॉफ्टवेअरचा आहे. तक्रार जरूर करा, पण 'साइट उघडत नाही' असं लिहू नका, तिकीट पहिल्या खिडकीवरच बंद होतं. असं लिहा : 'तुमच्या अमुक नेमसर्व्हरला, अमुक आयपीवर, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा ए विचारला की नोएरर आणि एक उत्तर येतं. त्याच नावाचा क्वाड-ए विचारला की एनएक्सडोमेन येतं. नाव अस्तित्वात असल्यामुळे इथे नोएरर आणि रिकामा आन्सर यायला हवा. आरएफसी ४०७४ आणि २३०८ पाहा. दोन्ही आउटपुट वेळेसह जोडली आहेत.' असं पत्र पहिल्या खिडकीवरच्या माणसाला कळत नाही, म्हणून ते वर जातं. ते व्हावं हाच हेतू.

माझा सल्ला मात्र त्यांच्या उत्तराची वाट न पाहण्याचा आहे. वेबसाइट ज्याच्याकडे, डीएनएसही त्याच्याकडेच हवं असा नियम नाही. साइट आहे तिथे राहू द्या, डीएनएस एखाद्या चांगल्या स्वतंत्र सेवेकडे हलवा. एप्रिल-मेच्या गर्दीत असलं काही करायला लोक घाबरतात, पण नीट केलं तर कुणाला कळतही नाही. नव्या जागी पूर्ण झोन तयार करा आणि रजिस्ट्रारकडे काहीही न बदलता, थेट त्या नव्या नेमसर्व्हरला डिगने वरचे सगळे प्रश्न विचारा. रजिस्ट्रीने अजून त्याच्याकडे बोट दाखवलेलं नसलं, तरी तो उत्तर देतोच. क्वाड-एला नोडेटा, 'ऑर्डर'ला नोडेटा, वाटेल त्या नावाला एनएक्सडोमेन, एमएक्सच्या नावात 'अबक' एकदाच, आणि एए सगळीकडे. हे जमल्यावरच रजिस्ट्रारकडे नावं बदला. ऑफिसच्या कुणी 'आयपीव्ही६ नाही म्हणून त्रास होतोय ना, मग कुठला तरी क्वाड-ए टाकून देऊ' असं सुचवलं तर ऐकू नका. पलीकडे साइट ऐकतच नसेल, तर गिऱ्हाइकाचा फोन आधी तिथे धडकतो.

गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांकडेही आपापल्या रिझॉल्व्हरची एखाद्या नावापुरती कॅश रिकामी करायचं पान आहे. बदल झाल्यावर तिथे जाऊन ए, क्वाड-ए, एनएस, एमएक्स एकेक करून टाका. मोबाइल कंपन्यांकडे अशी सोय नाही, तिथे मुदत संपू द्यावी लागते. झोनमास्टर आणि डीएनएसव्हिझ ही फुकट तपासणी साधनंही चालवा. एनएसची तफावत आणि लेम सर्व्हर ती लगेच दाखवतात. मात्र अशी साधनं मुख्यतः डोमेनच्या मूळ नावावर तपासतात. तुमचा घोळ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर आहे, मूळ नावावर 'एक' क्वाड-एला बरोबर नोडेटा देतो. त्यामुळे हिरवी खूण दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुय्यम नेमसर्व्हर कुठे असावा हे तुम्ही विचारलंच आहे. दोन्ही एकाच इमारतीत, एकाच लाइनवर असतील, तर दुसरा केवळ कागदावर असतो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हाचा बाजार आठवा, म्हणजे 'एकाच इमारतीत'चा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. आरएफसी २१८२ मध्ये, १९९७ सालीच, सर्व्हर भौगोलिकदृष्ट्या आणि नेटवर्कच्या दृष्टीने दूर ठेवायला सांगितलंय. आणि दुय्यम दूर असला तरी एसओएमधला 'एक्स्पायर' आकडा बघा, तुमचा एक दिवस आहे. मुख्य सर्व्हर तेवढा वेळ सापडला नाही, की दुय्यम आपल्याकडची प्रत शिळी मानतो आणि सर्व्हफेल द्यायला लागतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मुख्य सर्व्हर किनाऱ्यावरच्या ऑफिसात ठेवायचा विचार असेल तर एक्स्पायर दोन ते चार आठवडे ठेवा, आरएफसी १९१२ चाही तोच सल्ला आहे.

पहारा ठेवायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. दर पंधरा मिनिटांनी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट पुरते : रजिस्ट्रीतली एनएस यादी काढायची, प्रत्येकाला एसओए विचारून सीरियल जुळतात का बघायचं, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या क्वाड-एला नोएरर येतंय का बघायचं. न जुळल्यास मेसेज. यादी स्क्रिप्टमध्ये हाताने लिहून ठेवू नका, नाहीतर 'जुना'सारखा पाहुणा कधीच दिसणार नाही. सीरियल हाताने लिहीत असाल तर वर्षाकडे लक्ष द्या. २०२५ऐवजी २०५२ टाइप झालं, की नंतरचा प्रत्येक बरोबर आकडा लहान ठरतो आणि दुय्यम सर्व्हर नवी प्रत घेतच नाही. एरर कुठेच दिसत नाही. अशा वेळी दुय्यमवरचा झोन काढून टाकून नव्याने ट्रान्सफर करणं सगळ्यात सोपं.

शेवटी डॉट भारतबद्दल. पेटीवर देवनागरीत पत्ता छापायचा विचार चांगला आहे, आणि नेमसर्व्हर वेगळे लागत नाहीत. डीएनएसला देवनागरी दिसत नाही, त्याला दिसतं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं प्युनीकोड रूप. झोनमध्ये आणि डिगमध्ये तेच रूप वापरा. फक्त त्या नावाचा झोन वेगळा धरला जातो, त्यामुळे वरचे सगळे प्रश्न त्या नावानेही विचारून बघायचे, आणि तेही पेट्या छापायला देण्याच्या आधी.